आमची वाटचाल : रिकोनिंगपासून बंद खोक्यापर्यंत

पुण्याच्या नऱ्ह्यातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझा मेहुणा डीजेवाल्यांचे जळलेले स्पीकर रिकोन करायचो, म्हणजे त्यांची तारेची कॉइल आणि हवा ढकलणारा पडदा, म्हणजे कोन, बदलायचो. गणपती-नवरात्रात जेवायला फुरसत नसे आणि दिवाळीनंतर माश्या मारायच्या. त्या रिकाम्या महिन्यांसाठी म्हणून होम थिएटरचे सबवूफर, म्हणजे फक्त खोल आवाजाचे स्पीकर, करायला घेतले.

पहिला बॉक्स कोथरूडच्या एका काकांना दिला. बारा इंची ड्रायव्हर (खोक्यात बसतो तो मूळ स्पीकर), परातीएवढं मॅग्नेट, वर ‘१००० वॉट’चं स्टिकर. सिनेमात खोल धडाका आला आणि आतून टक्-टक्! काका उठले, दार उघडून बाहेर पाहून आले. दारावर कोणी नव्हतं, कॉइल मागच्या प्लेटवर आपटत होती. पैसे परत केले.

ड्रायव्हर गाळ्यात आणून फाडला, त्या कामात हात बसलेला होताच. कॉइलचं वाइंडिंग १८ मिमी उंच, कॉइल ज्या चुंबकी फटीत, म्हणजे गॅपमध्ये, हलते तिची प्लेट ८ मिमी जाड. फरकाचा निम्मा ५ मिमी, म्हणजे कोन एका बाजूला सरळ चालणार तेवढाच. वॉटचा आकडा कॉइल किती ताप सोसेल ते सांगतो, कोन किती हलेल ते नाही. बंद खोक्यात पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं भोक, नसतो, सगळी हवा कोनानेच ढकलायची. आवाज तेवढाच ठेवून ४० हर्ट्‌झवरून २० वर उतरायचं तर कोनाला चौपट हलावं लागतं. ५ मिमीवाला काय पुरणार?

मग मेहुण्याने वहीत हिशेब मांडला. बाराच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ४८० चौरस सेंमी. कोन ५ मिमी हलला तर २४० घन सेंमी हवा हलते, लाँग थ्रोचा, म्हणजे लांब हलणारा, १८ मिमी हलला तर ८६४. डीजेचा अठरा इंची धरला, ११५० चौरस सेंमी आणि ७ मिमी, तर ८०५! लाँग थ्रोचा बारा अठराला भारी पडतो, हे आम्हालाच आधी पटेना. अर्थात फुकट काही नाही. लांब कॉइल, जड कोन, त्यामुळे अँप दांडगा लागतो. कॉइल १०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास ४० टक्के वाढतो आणि आवाज बसतो.

आता कॅटलॉगमधल्या एक्समॅक्सवर, म्हणजे कोन एका बाजूला किती सरळ चालतो त्या आकड्यावर, आम्ही जात नाही. कोणी त्यात प्लेटच्या जाडीचा तिसरा हिस्सा मिळवतो, कोणी चौथा. वाइंडिंगची उंची आणि प्लेटची जाडी लेखी मागतो. देत नसेल त्याचा माल नको. क्यूटीएस (ड्रायव्हरचं झुलणं किती आवरतं त्याचा आकडा) ०.५ च्या आसपास आणि व्हीएएस (ड्रायव्हरइतकीच लवचीक हवा किती लिटर ते) साठेक लिटर असला की काम सोपं. खोका तेवढ्याच लिटरचा केला की खोक्यासकटचा क्यू ०.७ वर येतो आणि खोका सोफ्यामागे मावतो.

बॉक्स बाहेर पडण्याआधी २० हर्ट्‌झ लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवतो. हवा गळत असेल तिथे धूर थरथरतो, बहुतेक वेळा टर्मिनलपाशीच. शेजारच्या गाळ्यातले वेल्डर विचारतात, “तुमच्याकडे रोज कसली पूजा असते हो?”