पंप रूममधला प्रश्न

मी सिअॅटलजवळच्या एका छोट्या शहरात सरकारी स्विमिंग पूलवर मेंटेनन्स टेक्निशियन आहे. सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, इकडे आल्यावर पूल ऑपरेटरचं सर्टिफिकेट काढलं आणि इथेच लागले. लोकांना वाटतं पूलवरचं काम म्हणजे पाण्यात क्लोरिन टाकायचं. ते कंट्रोलर आपोआप टाकतो, मी फक्त सकाळी टेस्ट ट्यूबमधे गोळी टाकून गुलाबी रंग किती चढतो ते बघून कंट्रोलर खरं बोलतोय ना ते तपासते. माझा निम्मा जीव जातो तो पाणी कुठून जातंय हे शोधण्यात.

गेल्या नोव्हेंबरमधे आमच्या शहराने मतदान घेतलं, हा पूल पाडून नवीन बांधायला कर्ज काढू का म्हणून. आपल्याकडे हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पुणे महापालिकेने 2017 मधे पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले तेव्हा कुणी पुणेकराला घरी पत्र पाठवून विचारलं नव्हतं. इथे विचारतात, कारण ते कर्ज घरपट्टी वाढवूनच फेडायचं असतं. मतपत्रिका पोस्टाने घरी येते, सोबत एक पुस्तिका येते, त्यात बाजूचं म्हणणं आणि विरोधातलं म्हणणं दोन्ही छापलेलं असतं. आणि वॉशिंग्टन राज्यात अशा कर्जाला नुसतं बहुमत पुरत नाही, साठ टक्के लागतात. वर मतदानही आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या किमान चाळीस टक्के व्हायला लागतं, नाहीतर साठ मिळूनही बाद.

आमचा पूल ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ नावाच्या जुन्या कर्जयोजनेतून बांधलेल्या पूलांपैकी आहे. 1968 च्या फेब्रुवारीत किंग काउंटीने, म्हणजे सिअॅटल ज्यात येतं त्या जिल्ह्याने, एकाच दिवशी बारा प्रस्ताव लोकांपुढे ठेवले होते, त्यातले सात पास झाले. बागा आणि पूल यांचे 118 मिलियन डॉलर पास, स्टेडियम पास, आणि रेल्वेचा प्रस्ताव निम्म्याहून जास्त मतं मिळूनही साठच्या नियमाने पडला. केंद्र सरकारचे जे पैसे त्या रेल्वेला मिळायचे ते नंतर अटलांटाला गेले, आज तिथे मेट्रो धावते ती त्यातून. पुढे 2002 च्या सुमाराला काउंटीकडे पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांनी हे पूल एकेका शहराच्या गळ्यात घातले. म्हणजे बांधले काउंटीने आणि म्हातारपण आमच्यासारख्या छोट्या शहरांनी काढायचं.

पूल साधाच आहे, 25 यार्ड, सहा लेन, दीड लाख गॅलनच्या आसपास पाणी. पाणी उडून जातंच, गरम पाणी तर जास्तच, त्यामुळे रोज थोडं भरावं लागतं, त्याला मेकअप वॉटर म्हणतात. पण आमचा मेकअपचा मीटर गेली काही वर्षं नुसता पळतोय. मग मी बादलीची टेस्ट सुरू केली. शनिवारी रात्री पूल बंद झाला की ऑटोफिल, म्हणजे आपोआप पाणी भरणारा नळ, बंद करायचा, एक पांढरी बादली पूलच्याच पाण्याने भरायची, तळाला वजन ठेवून वरच्या पायरीवर अशी ठेवायची की बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका लेव्हलला येईल, आतून एक काळी टेप, बाहेरून एक काळी टेप. सकाळी बघायचं. बादलीतलं पाणी फक्त उडून जाऊनच कमी होऊ शकतं, पूलमधलं उडून आणि गळून. आमच्याकडे बादलीत टेपपासून जेमतेम जाणवेल एवढा फरक, आणि बाहेर अर्ध्या इंचाची कोरडी पट्टी. ह्या पूलला अर्धा इंच म्हणजे हजार गॅलन, एका रात्रीत. तेही गरम केलेलं, गाळलेलं, क्लोरिन घातलेलं पाणी.

टाकीच्या भिंतींना मी सिरिंजने रंग सोडून बघितलाय. बारीक चिरेजवळ रंगाची रेघ जराशी आत ओढली जाते, पण तेवढ्याने हजार गॅलन जात नाही. पाणी जातंय ते डेकच्या, म्हणजे पूलभोवतीच्या फरशीच्या, खालच्या लोखंडी पाइपांमधून, जे काँक्रीटखाली मातीत गाडलेत आणि पन्नास वर्षांत कुणी पाहिलेले नाहीत. आणि इथेच मला पूलची अवस्था तपासणाऱ्या कन्सल्टंटच्या रिपोर्टचा राग आहे. एवढा मोठा रिपोर्ट, प्रत्येक गोष्टीला ग्रेड, छत पूअर, फिल्टर फेअर, बॉयलर फेअर, आणि गाडलेल्या पाइपांपुढे लिहिलं ‘तपासणी शक्य नाही’. ग्रेड नाही म्हणून मग जो एक पानी सारांश कौन्सिलपुढे गेला त्यात पाइपच नाहीत! सगळ्यात वाईट जे आहे त्याचाच रकाना रिकामा, आणि वाचणाऱ्याला वाटणार बॉयलर आणि छताचा प्रश्न दिसतोय, दुरुस्त होईल की.

तर मतदानाच्या आधी एका शनिवारी शहराने ओपन हाऊस ठेवलं, लोकांना खाली पंप रूमपर्यंत नेऊन दाखवायचं, आणि दाखवणारी मी. त्याच्या आधी आमच्या कम्युनिकेशनवाल्या बाईंनी आणि वकिलांनी आम्हाला तासभर बसवून शिकवलं. राज्याचा कायदाच आहे की सरकारी जागा, सरकारी वेळ, सरकारी साधनं वापरून बॅलटवरच्या प्रस्तावाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायचं नाही, फक्त वस्तुस्थिती सांगायची. हा कायदा मला मनापासून पटतो. नाहीतर ज्यांच्या हातात सरकारी प्रिंटर आणि सरकारी पगार ते प्रत्येक मतदान जिंकत बसतील, आणि हे काय होतं ते आपण गावाकडे पाहिलेलं आहे. घरी, सुट्टीत, माझ्या गाडीवर मी काय वाट्टेल ते लावू शकते, त्याला आडकाठी नाही. पण त्या बाईंनी भीतीपोटी वस्तुस्थितीचंच पाणी करून टाकलं. माझ्या नोटमधे ‘गळती’ होतं, ते माहितीपत्रकात ‘मेकअप वॉटरची वाढलेली मागणी’ झालं. गळती हा शब्द म्हणे भावनिक आहे. गळतीला गळती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्या दिवशी बरीच माणसं आली. बऱ्याच जणांनी आत शिरल्याशिरल्या म्हटलं की वा, क्लोरिनचा वास येतोय, स्वच्छ आहे. प्रत्येकाला सांगितलं की हा वास स्वच्छतेचा नाही, घाम आणि लघवीशी मिसळून क्लोरिनचं जे क्लोरामाइन होतं त्याचा आहे, आणि हीच हवा वरचे डक्ट आणि छताचं लोखंड खाते. एका छोट्या मुलीने हे ऐकून आईकडे असं बघितलं की त्या बाई लगेच तिला घेऊन वर गेल्या.

शेवटच्या बॅचमधे एक आजोबा होते, विमानाच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून रिटायर झालेले. हातात ते पत्रक, त्यावर पेन्सिलीने आकडेमोड. बाकीचे फिल्टर बघून निघाले, हे थांबले. म्हणाले, 1968 ला मी नुकताच एकवीसचा झालो होतो, तेव्हा एकविसाव्या वर्षी मत मिळायचं, माझं पहिलं मत ह्या पूलला गेलं आणि माझी तिन्ही मुलं इथे पोहायला शिकली. मग म्हणाले, त्याच दिवशी मी स्टेडियमलाही हो म्हटलं होतं. ते किंगडोम 2000 मधे स्फोटकं लावून पाडलं आणि त्याचं कर्ज 2015 पर्यंत फेडत होतो आम्ही, जे नाहीच आहे त्याचं.

ह्यावर मी काय बोलणार, खरंच होतं ते.

पण प्रश्न त्यांनी चांगले विचारले, इतके चांगले त्या दिवशी दुसऱ्या कुणीच विचारले नाहीत. पाण्याचा मीटर कुठाय, दाखव. दाखवला. काटा फिरताना बघत उभे राहिले. वर पोहणारं कोणी नाही ना? नाही. बॅकवॉश, म्हणजे उलट पाणी सोडून फिल्टर धुणं, चालू आहे? नाही. मग हे पाणी कुठे चाललंय? मी म्हटलं, जमिनीत. हे भावनिक आहे की नाही मला माहीत नाही, पण मी म्हटलं. मग ते म्हणाले, टाकी रिकामी करून, डेक फोडून पाइप का नाही बदलत? मी सांगितलं की इथे जमिनीत पाणी खूप वर आहे, हिवाळ्यात तर फारच. टाकी भरलेली असते तोवर आतल्या पाण्याचं वजन तिला खाली दाबून धरतं. रिकामी केली की खालचं पाणी तिला वर ढकलणार, आणि अख्खी काँक्रीटची टाकी होडीसारखी उचलली जाऊ शकते, असे पूल उचलले गेलेले आहेत. तळाला त्यासाठी प्रेशर सोडायचे व्हॉल्व्ह असतात, पण आमचे इतके जुने की ते उघडतील ह्यावर मी माझी सही करणार नाही. आजूबाजूला विहिरी खणून पंपाने पाणी खाली खेचत ठेवून काम करता येतं, पण ते करून आतले पाइप बदलले तरी भिंती, छत, भूकंपासाठीचं मजबुतीकरण तसंच राहतं. ते ऐकताना त्यांनी पत्रकाच्या मागे टाकीचा चौकोन काढला, खालून वर बाण काढले, लांबी रुंदी विचारली आणि तिथेच गणित करून मान हलवली. एवढं समजून घेणारा माणूस मला ऑफिसातही मिळालेला नाही.

आणि मग पेन्सिल खिशात ठेवून त्यांनी विचारलं, “तू रोज इथे असतेस. तुझं घर असतं, तुझे पैसे असते, तर तू काय केलं असतंस?”

अंगावर शहराचा लोगो असलेला शर्ट, घड्याळात पगाराची वेळ, पायाखाली सरकारी फरशी. मी म्हटलं, “माफ करा, ह्याचं उत्तर मला इथे देता येत नाही. तुम्हाला हवा तो आकडा मी देऊ शकते.” ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, ‘ठीक आहे, थँक यू’ म्हणाले आणि जिना चढून गेले.

मतदानाच्या रात्री आठला पेट्या बंद झाल्या, सव्वाआठला पहिला निकाल आला. निम्म्याहून बरीच जास्त मतं ‘हो’ची, आणि साठला कमी. पुढचे कितीतरी दिवस पोस्टाने आलेली मतं मोजत राहतात, रोज दुपारी नवा आकडा, रोज एखाद्या दशांशाने वर, आणि निकाल पक्का झाला तेव्हाही साठच्या खालीच. ऑफिसमधे आमचे मॅनेजर म्हणाले, लोकांना पूल नकोय. अहो, निम्म्याहून जास्त लोकांनी हवाय म्हणून सांगितलं ना! साठचा नियम चुकीचा असं मी म्हणत नाही, वीस वर्षांचं ओझं आहे, त्यातली बरीच वर्षं जे आज मत देतायत ते इथे राहणारही नाहीत. पण लोकांना नकोय असं म्हणून फाइल बंद करणं हे आळसाचं आहे.

ते आजोबा मला जानेवारीत किराणा दुकानात भेटले. सुट्टीचा दिवस, साधे कपडे. त्यांनीच ओळखलं. मी लगेच म्हटलं, आता सांगू शकते, मी असते तर हो म्हटलं असतं, आणि म्हटलंच, माझ्या मताने. ते गप्प झाले. मग म्हणाले, “मी नाही म्हटलं. तुझ्यामुळे.” मला कळेचना. ते म्हणाले की तू सगळं इतकं नीट सांगत होतीस, आणि एवढ्या एकाच प्रश्नाला मागे सरलीस, मी समजलो की तुलाही खात्री नाहीये. खात्री असलेला माणूस बोलतो.

मी त्यांना कायद्याचं सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं ह्या राज्यात मत देणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं की मला बोलायला मनाई आहे! आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा, आमच्या पत्रकावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की कर्मचारी मत सांगू शकत नाहीत, कृपया गैरसमज नको. ती एक ओळ तर शंभर टक्के वस्तुस्थिती होती, कायद्याला धरून होती. मी त्यांना सोडून घरी आले तरी तेच डोक्यात, किती लोकांनी त्या दिवशी माझं गप्प बसणं हेच उत्तर समजून घेतलं असेल. माझा नवरा म्हणतो एका टूरने काही निकाल फिरत नाही. फिरला असता असं मीही म्हणत नाही. पण मी जे दाखवत होते त्याच्या उलट माझ्या गप्प बसण्याने सांगितलं, हे काही मला सोडत नाही.

कौन्सिल पुन्हा मतदान घ्यायच्या विचारात आहे. मी मागणी केली की मेकअप मीटरचा आकडा आणि बादलीच्या टेस्टचा निकाल दर आठवड्याला पुढच्या दारात बोर्डावर लावायचा, एकही विशेषण न घालता, आणि खाली ती ओळ टाकायची की कर्मचारी ह्यावर मत देऊ शकत नाहीत. मॅनेजर हो म्हणाले, वकिलांनी बोर्डाला हो म्हटलं, ओळीलाही हो म्हटलं, आठवड्याच्या आकड्यालाही हो. मी सोबत मागच्या पाच वर्षांचा आलेख जोडला होता, त्याला नाही म्हणाले. कारण काय तर रेघ वर चढताना दिसते आणि ती बघून लोकांचं मत बनू शकतं. मी उत्तर पाठवलंय की रेघ मी चढवलेली नाही. परवा मीटिंग आहे.