जकार्ड ग्राफ प्रोग्रॅम: ऑटोकॉन्फच्या जुन्या वॉर्निंगची साफसफाई

चादरीच्या नक्षीचा जकार्ड ग्राफ (मागासाठी नक्षीचा चौकटींचा आराखडा) काढणारा आपला प्रोग्रॅम उबुंटू २२.०४ वर बिल्ड करताना वॉर्निंगची रांग लागायची. तिथे ऑटोकॉन्फ (बिल्डची कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन) २.७१ आहे, आणि २.७० पासून (डिसेंबर २०२०) कालबाह्य मॅक्रोंच्या (त्याच्या तयार आज्ञांच्या) वॉर्निंग आपोआप चालू असतात. ‘नो-ऑब्सोलीट’ पर्यायाने त्यांचं तोंड बंद करता येतं, पण मग पुढची कामाची वॉर्निंगही दिसत नाही. म्हणून मॅक्रोच बदलले.

आधी जुन्या बिल्डची कॉन्फिग.एच (तपासण्यांचे निकाल सी कोडला देणारी फाइल) बाजूला ठेवली, मगच ऑटोअपडेट, म्हणजे जुने मॅक्रो बदलून देणारी ऑटोकॉन्फची कमांड, चालवलं. ते कॉन्फिगर.एसी (मॅक्रो लिहिलेली आपली फाइल) जागेवरच बदलतं. जुनी प्रत नावापुढे ~ लावून शेजारी राहते. एसी_हेल्प_स्ट्रिंगचं एएस_हेल्प_स्ट्रिंग, एसी_कॉन्फिग_हेडरच्या शेवटी एस, एवढं बिनबोभाट झालं.

खरी गंमत एसी_हेडर_एसटीडीसीची (सीची मानक हेडर आहेत का ते तपासणारा जुना मॅक्रो). त्याच्या जागी ऑटोअपडेट स्वतःच एम४_वॉर्न (वॉर्निंग दाखवणारा मॅक्रो) घालतं, म्हणजे साफसफाईनंतर नवी वॉर्निंग आपल्याच फाइलमधून येते! खाली ‘बहुधा काढल्या तरी चालतील’ अशा शेऱ्यासह दोन ओळी असतात: एसी_चेक_इन्क्लूड्स_डीफॉल्ट आणि एसी_प्रॉग_ईग्रेप. त्या ‘बहुधा’वर जाऊ नका. आधी सी कोडमध्ये एसटीडीसी_हेडर्स (त्या तपासणीतून कॉन्फिग.एचमध्ये येणारं नाव) शोधा. ते नाव कॉन्फिग.एचमधून गेलं, की इफडेफची (नाव आहे का ते पाहणाऱ्या अटीची) एल्स बाजू चालू होते. तिथे मॅलॉकचं (मेमरी मागणाऱ्या फंक्शनचं) हाताने लिहिलेलं ‘कॅर *’वालं डिक्लरेशन असेल, तर स्टडलिब हेडरशी टक्कर होऊन ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ येतं. इफडेफ उडवून हेडर थेट इन्क्लूड करायचं. स्क्रिप्टमध्ये डॉलर-ईग्रेप वापरलं असेल तर ती दुसरी ओळ राहू द्या. नाहीतर व्हेरिएबल रिकामं राहतं आणि शेल पॅटर्नलाच कमांड समजतो.

एसी_प्रीरेकही (ऑटोकॉन्फची किमान आवृत्ती सांगणारी ओळ) ऑटोअपडेट गुपचूप २.७१ करून टाकतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या पीसींवर उबुंटू २०.०४, म्हणजे २.६९ आहे, तिथे ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने बनवणारी कमांड) पहिल्याच पायरीला अडेल. आकडा हाताने परत २.६९ केला.

मग ऑटोरीकॉन्फ ‘फोर्स’ आणि ‘वॉर्निंग्ज=ऑल,एरर’ लावून, दोन्ही आवृत्त्यांवर. नव्या-जुन्या कॉन्फिग.एचचा डिफ ओळीन् ओळ वाचायचा.

एम४ फोल्डर (जादा मॅक्रोंच्या फाइलींचं) बाकी आहे. फाइलचं नाव दिल्याशिवाय ऑटोअपडेट तिकडे फिरकत नाही. बाहेरून कॉपी केलेल्या एम४ फाइलींना हात लावण्यापेक्षा मूळ ठिकाणची ताजी प्रत आणलेली बरी. सीरियल नंबर (फाइलीतला तिच्या आवृत्तीचा आकडा) तेवढा पाहून घ्या.