मागच्या मोरीतला पाण्याचा ड्रम

आमची गाडी साधी स्टेशन वॅगन, १४८० किलोची. इथे ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनवाल्यांचा, म्हणजे गाडीमागे चाकांवरचं घर ओढणाऱ्यांचा, ठोकताळा आहे: भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे आम्हाला १२५८ किलो. सगळं सामान भरून वजनकाट्यावर नेली, १२४० भरली. मी निश्चिंत झाले. डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. त्यामुळे हे वजन ठेवलंय कुठे, हे विचारणारं कुणी भेटलंच नाही. तंबू मागच्या पलंगाखाली होता आणि ४० लिटरचा भरलेला ड्रम मागच्या मोरीत.

बर्मिंगहॅमहून एम-५ या महामार्गाने डेव्हनला निघालो. ब्रिस्टल मागे पडल्यावर क्लीव्हडनकडे उतार लागतो. वेग ताशी ५८ मैल, मर्यादा ६० ची. शेजारून एक बस पुढे गेली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. आरशात कॅरव्हॅन डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. नवरा ओरडला, "ब्रेक नको मारूस!" मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं. उलट वळवून सावरायला हात शिवशिवत होते, पण त्यानेच झोके वाढतात. वेग चाळिशीवर आला तेव्हा ती शांत झाली. मुलं मागे चिडीचूप.

पुढच्या सर्व्हिस एरियात शेजारी कॅरव्हॅन लावलेल्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी डिकीतून स्प्रिंगची नळी काढली, तिच्यावर किलोच्या खुणा. जोडणीच्या तोंडाखाली ती उभी केली आणि पुढचं छोटं चाक हळूहळू वर घेतलं. सगळा भार नळीवर आला. खूण २८ वर थांबली. कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, पडायला हवा, म्हणजे आम्हाला किमान बासष्ट. शेपूट जड, तोंड हलकं, म्हणूनच ती डोलली. ड्रम तिथेच ओतून टाकला, तंबू चाकांच्या वरच्या जमिनीवर आणून पट्ट्याने बांधला. पुन्हा मोजलं: ७०. आमच्या टो-बॉलची मर्यादा ७५ ची, तेव्हा नेमकं.

जाता जाता आजोबांनी एक तारही दाखवली. कॅरव्हॅन निसटली तर तिचा हँडब्रेक ओढणारी. मी ती टो-बॉलवर नुसती अडकवली होती. त्यांनी ती टो-बारच्या, म्हणजे तो गोळा बसवलेल्या दांड्याच्या, कडीत घालून दिली.

एक्सेटरपर्यंत मी ५० च्या वर गेले नाही. दोन ट्रक आणि एक बस शेजारून गेली. दर वेळी आरशात पाहिलं. कॅरव्हॅन सरळ होती.