‘बिहेस्ट’च्या आधी ‘अ‍ॅट’च का?

‘ऑन द बिहेस्ट ऑफ’, म्हणजे ‘अमक्याच्या सांगण्यावरून’, ही शब्दरचना आपल्याकडच्या तक्रारअर्जांत, ठरावांच्या मसुद्यांत आणि इंग्रजी बातम्यांतसुद्धा सर्रास दिसते. प्रमाण इंग्रजीत ती चूक धरतात. तिथे ‘अ‍ॅट द बिहेस्ट ऑफ’ असंच लिहितात. ‘बाय’, ‘अंडर’, ‘अ‍ॅज पर’ यांपैकी काहीही चालत नाही.

चूक होते ती मराठीमुळे. सांगण्यावरून, हुकमावरून, विनंतीवरून, सगळीकडे ‘वरून’. लिहिताना तो ‘वर’ निमूटपणे ‘ऑन’ होऊन कागदावर उतरतो. त्यात भर म्हणून शेजारीच ‘ऑन बिहाफ ऑफ’ उभा असतो, उच्चाराला जवळचा आणि रोजच्या वापरातला. दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळतात. गंमत म्हणजे जर्मनमध्ये ‘बिहेस्ट’च्याच धातूपासून आलेला ‘गेहाइस’ हा शब्द आहे आणि त्याच्या आधी ‘आउफ’ लागतो, म्हणजे चक्क आपला ‘वर’. तेव्हा मराठी माणसाचा ‘ऑन’ अगदीच अतार्किक म्हणता येणार नाही. पण इंग्रजीत रूढी ‘अ‍ॅट’ची आहे आणि शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत रूढीपुढे तर्क चालत नाही.

घोकायचंच असेल तर दोन गट करून घोका. बिहेस्ट, रिक्वेस्ट, बिडिंग, इन्सिस्टन्स, इन्स्टन्स, इन्व्हिटेशन या सगळ्यांच्या आधी ‘अ‍ॅट’. ऑर्डर्स, इन्स्ट्रक्शन्स, अ‍ॅडव्हाइस, रेकमेंडेशन यांच्या आधी ‘ऑन’. पहिल्या गटातले शब्द या रचनेत एकवचनी येतात. ‘ऑर्डर्स’ आणि ‘इन्स्ट्रक्शन्स’ मात्र बहुवचनी. ‘बिहेस्ट्स’ हे बहुवचन व्याकरणात बसतं, पण आजच्या गद्यात जुनाट वाटतं. ‘बिहेस्टेड’ असं क्रियापद तर नाहीच.

आता ‘बिहाफ’ आणि ‘बिहेस्ट’मधला फरक. सेक्रेटरीने ‘ऑन बिहाफ ऑफ द चेअरमन’ पत्र लिहिलं, तर ते चेअरमनच्या वतीने लिहिलं. शब्द चेअरमनचे, सही करणारा फक्त प्रतिनिधी. ‘अ‍ॅट द चेअरमन्स बिहेस्ट’ लिहिलं, तर ते चेअरमनच्या सांगण्यावरून लिहिलं. पत्र सेक्रेटरीच्याच नावाचं असू शकतं आणि त्यात चेअरमनचा उल्लेखही नसू शकतो. नोटिशीला उत्तर देताना हे दोन शब्द अदलाबदल झाले, तर जबाबदारी कुणाची हेच बदलतं.

शब्दाचं वजनही नीट जोखावं लागतं. कोशात अर्थ दोन सापडतात: अधिकाराने दिलेला हुकूम आणि निकडीने केलेली विनंती. मराठीत आपण यासाठी वेगवेगळे शब्द वापरतो, आदेशावरून, आग्रहाखातर, विनंतीवरून. इंग्रजी ‘बिहेस्ट’ या सगळ्यांवर पसरलेला आहे, पण त्याचा तोल हुकमाकडे जास्त झुकतो. शिवाय बातमीत तो आला की पडद्यामागून सूत्रं हलवल्याचा वास येतो, म्हणजे मराठीतलं ‘इशाऱ्यावरून’. म्हणून ग्राहकाला ‘तुमच्या विनंतीनुसार ऑर्डर रद्द केली आहे’ असं कळवायचं असेल, तर ‘अ‍ॅट युअर बिहेस्ट’ लिहू नका. ‘तुम्हीच करायला लावलंत’ असा सूर लागतो. तिथे ‘अ‍ॅट युअर रिक्वेस्ट’ पुरतं. वरिष्ठांना उत्तर देताना ‘अ‍ॅज इन्स्ट्रक्टेड’ म्हणा. सुट्टीच्या अर्जात किंवा साध्या कार्यालयीन ईमेलमध्ये ‘बिहेस्ट’ घालणं म्हणजे डबा आणायला फेटा बांधून जाणं.

सांगणारा माणूस हवा, किंवा माणसांची संस्था. मंत्री, बँक, न्यायालय, सासूबाई, सगळे चालतात. पाऊस, परिस्थिती, बाजारभाव चालत नाहीत, कारण त्यांना इच्छा नसते. तिथे सरळ ‘बिकॉज ऑफ’ लिहा. तसंच सांगणारा आणि करणारा वेगळे असावे लागतात. ‘स्वतःहून राजीनामा दिला’साठी ‘अ‍ॅट हिज ओन बिहेस्ट’ अवघडलेलं दिसतं, ‘ऑफ हिज ओन अकॉर्ड’ बरोबर बसतं. सर्वनाम असेल तर ‘अ‍ॅट हर बिहेस्ट’, ‘अ‍ॅट द बिहेस्ट ऑफ हर’ नव्हे. पदनाम लांबलचक असेल तर मात्र ‘ऑफ’ची रचना घ्या, नाहीतर षष्ठीचा प्रत्यय कुठे लावायचा यातच वाक्य अडकतं.

कोर्टाच्या इंग्रजीत ‘अ‍ॅट द इन्स्टन्स ऑफ’ वारंवार भेटतो. अर्थ जवळचा, पण दरवेळी बदलून चालत नाही. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून हत्यार जप्त झालं, तर ‘रिकव्हरी अ‍ॅट द इन्स्टन्स ऑफ द अक्यूज्ड’ असं लिहितात. तिथे ‘बिहेस्ट’ टाकलात तर आरोपीने पोलिसांना हुकूम सोडल्यासारखं वाटेल.

सगळ्यात घातक चूक असते जागेची. ‘द ऑफिसर सेड द फाइल वॉज क्लोज्ड अ‍ॅट द मिनिस्टर्स बिहेस्ट’ याचा सरळ अर्थ, फाइल मंत्र्यांच्या सांगण्यावरून बंद झाली असं अधिकारी म्हणाला. तोच तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा: ‘अ‍ॅट द मिनिस्टर्स बिहेस्ट, द ऑफिसर सेड द फाइल वॉज क्लोज्ड.’ आता अधिकाऱ्याने तसं म्हणावं हेच मंत्र्यांनी सांगितलंय. एकही शब्द न बदलता आरोप बदलला. उपाय सोपा आहे: ज्या क्रियेमागे सांगणं आहे, तिला चिकटवूनच हा तुकडा ठेवा.

शब्दाचा मूळ अर्थ हुकूम नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो वचन किंवा नवस होता आणि 14व्या शतकातल्या इंग्रजी बायबलमध्ये वचनदत्त भूमीला ‘बिहेस्ट’ची भूमी म्हटलेलं सापडतं. जर्मन शिकणारे पहिल्याच दिवशी ‘इश हाइसं’ म्हणत स्वतःचं नाव सांगतात, ते ‘हाइसन’ याच कुळातलं. नाव घेणं, वचन देणं, आज्ञा करणं, सगळं एकाच धातूच्या पोटात होतं. उच्चारताना जोर ‘हेस्ट’वर द्या, ‘बि’ आखूड ठेवा.

सोसायटीच्या तक्रारीतलं एक नमुन्याचं वाक्य दुरुस्त करून पाहू. ‘अ‍ॅज पर द बिहेस्ट ऑफ चेअरमन, द वॉटर कनेक्शन ऑफ फ्लॅट 12 वॉज कट बाय द प्लंबर.’ ‘अ‍ॅज पर’ काढा. चेअरमनच्या आधी ‘द’ घाला. ‘कनेक्शन ऑफ’च्या जागी ‘सप्लाय टू’ घ्या. कर्मणी प्रयोग मोडून प्लंबरला कर्ता करा आणि सांगणाऱ्याला शेवटी न्या: ‘द प्लंबर कट द वॉटर सप्लाय टू फ्लॅट 12 अ‍ॅट द चेअरमन्स बिहेस्ट.’ आता विचारा, पुरावा काय? लेखी सूचना हाताशी असेल तर ‘बिहेस्ट’ सोडा, ‘ऑन द चेअरमन्स रिटन इन्स्ट्रक्शन्स’ लिहून पुढे तारीख टाका. नुसता संशय असेल तर ‘अलेजेडली’ जोडा. आणि प्लंबरने सांगितल्यावरून कळलं असेल, तर ‘द प्लंबर टोल्ड अस दॅट’ने वाक्य सुरू करा, म्हणजे दावा कुणाचा ते तिथेच दिसेल.