दातांमागची तार

दुपारी तिखटमीठ लावून अर्धा पेरू खाल्ला आणि एक बी अडकली. कुठे, ते बघायला आरसा लागत नाही, जीभ आधीच तिथे पोचलेली असते. खालच्या पुढच्या सहा दातांना मागच्या बाजूने, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत, बारीक पिळाची स्टीलची तार चिकटवलेली आहे. बी तिच्याखाली. नंतर मी विजेचं बिल भरलं, कपड्यांच्या घड्या घातल्या, बहिणीशी फोनवर भांडले, आणि हे सगळं चालू असताना जीभ आपली त्या बीशी झटत होती. ज्यांच्या तोंडात असा रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारी तार, आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या नाही त्यांनी पेरू खावा आणि सुखी असावं.

ब्रेसेस मी तिशी उलटल्यावर लावल्या. ऑफिसात डबा खाताना समोरचे लोक 'आता कशाला?' असं नुसत्या डोळ्यांनी विचारायचे. अखेर एकदाच्या त्या निघाल्या. गुळगुळीत दातांवरून जीभ फिरवून माझं मन भरलं नव्हतं, तेवढ्यात डॉक्टरांनी मागे ही तार बसवायला घेतली. वरच्या दातांसाठी रात्री घालायची प्लेट दिली, तिचा विषय नको.

"ही कधी काढायची?" मी विचारलं.

"कशाला काढायची? राहू दे आयुष्यभर."

लहानपणी माझे दात पुढे यायला लागले तेव्हा आजीकडे त्यावर फुकटचा इलाज होता. अंघोळ झाली की वाईच्या घरातल्या माजघरात ती मला पुढ्यात बसवायची, पदराला अंगठा पुसायची आणि माझे वरचे दोन दात आत दाबून धरायची. अंगठ्याला कायम हिंगाचा वास. दाबताना ती पावकी, म्हणजे पाव पटीचा पाढा, म्हणायची. पावकी संपली की दात सुटले. माझ्यावर रागावलेली असली तर पुढे निमकी, म्हणजे अर्ध्या पटीचा पाढाही. मला पावकी अजून पाठ आहे, तिचा उपयोग कुठे करायचा ते मात्र कळत नाही. गंमत म्हणजे ते दात पुढे ढकलले होते तेही अंगठ्यानेच, माझ्या. कोरफडीचा गर लावून झाला, फडकं बांधून झालं, तरी रात्रभर अंगठा तोंडातच.

डॉक्टरांना ही पावकीची हकिकत सांगितली तेव्हा वाटलं, हसतील. तर ते गंभीरपणे म्हणाले, "आजींचं शास्त्र बरोबर होतं, वेळ कमी पडला." दात म्हणजे काही हाडात ठोकलेला खुंटा नव्हे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दात ज्या बाजूला दाबला जातो तिथलं हाड विरघळतं, मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड तयार होतं, आणि दात सरकतो. फक्त जोर हलका हवा आणि तासन्‌तास हवा. पावकी-निमकीला दात बधत नाहीत, रात्रभर चोखलेल्या अंगठ्याला बधतात.

आणि सरकवलेले दात परत निघतात. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभरही घेतात. बरं, वर्षानंतर तरी सुटका? सिएटलच्या विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी ६५ जणांचे दात तपासले, रिटेनर बंद करून किमान १० वर्षं झाल्यानंतर. १९८१ साली त्यांनी लिहिलं की साधारण दोनतृतीयांश लोकांच्या खालच्या दातांची रांग पुन्हा बिघडली होती. कधीच ब्रेसेस न लावलेल्यांचे खालचे दातही वयाबरोबर दाटीवाटी करतात. लोक अक्कलदाढेवर खापर फोडतात. ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

तार नुसत्या चिकटवण्याने धरत नाही. आधी दाताला फॉस्फोरिक आम्ल लावून तो खरखरीत करतात. अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने १९५५ साली हा प्रयोग मांडला. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरतात, ते त्याला ठाऊक होतं. म्हणजे माझ्या हसण्याचं श्रेय थोडं रंगाऱ्यांनाही द्यायला हवं.

दोन दातांच्या मध्ये फ्लॉस वरून सरकवावा, तर वाट तारेने अडवलेली. मग तो तारेखालून ओवावा लागतो. आजीला गोधडीसाठी सुई ओवून देताना मला केवढी ऐट असायची. दिसत नाही म्हणजे काय, ते तेव्हा कळत नव्हतं. आता स्वतःच्या तोंडात दोरा ओवायला चष्मा लागतो, आणि आरशात डावं-उजवं उलटं. आळस केला तर कीटण तयार, कारण जिभेखालच्या लाळेच्या नळ्या नेमक्या तिथेच उघडतात.

गेल्या पावसाळ्यात पसरणी घाटात भाजलेलं कणीस खाताना एका दातावरचा चिकटा सुटला. मुंबईकडच्या एका बाईंनी "लिंबू जास्त लावा" म्हटलं त्याच क्षणी, म्हणून तो घास लक्षात आहे. तारेचं टोक जिभेला टोचायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांच्या जागी त्यांची मुलगी होती. तिने छोटा आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं.

"ही बाबांनी बसवलेली ना? टोक असं आत वळवायची त्यांची सवय होती."

मी मान हलवली. बाकीचे पाचही दात घट्ट आहेत, म्हणाली, नवी तार नको, एवढाच चिकटवू. आम्लाची आंबट चव आली, मग पाणी, मग निळा दिवा. दिवा धरलेला हात जरासुद्धा न हलवता ती म्हणाली, "बाबा मार्चमध्ये गेले."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोंडात लाळ ओढणारी नळी गुरगुरत होती, आणि जीभ अजिबात हलवू नका असं तिने आधीच बजावलं होतं.