लाजाळू आणि सी अॅनिमोन

लाजाळूच्या पानाला बोट लावायचं आणि ते मिटताना बघत बसायचं, हा खेळ मोठेपणीही सुटत नाही. समुद्रात असाच एक प्राणी आहे, सी अॅनिमोन. खडकाला बूड चिकटवून बसलेला, वर रंगीत टेंटॅकल्सचा (बोटांसारख्या मऊ शुंडांचा) झुपका, आणि धक्का लागला की सगळं आत ओढून नुसता गोळा. म्हणजे बघा, फुलासारखा दिसतो तो प्राणी आणि दचकतं ते झाड! अॅरिस्टॉटलनेही अॅनिमोनला झाड आणि प्राणी यांच्या मधेच कुठेतरी बसवलं होतं.

दोघांनाही मेंदू नाही. पण अॅनिमोनकडे स्नायू आहेत, नसांचं जाळं आहे, लाजाळूकडे त्यातलं काहीच नाही. तिच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, स्पर्शाचा विजेसारखा सिग्नल तिथे पोचला (हे सिग्नल जगदीशचंद्र बोसांनी मोजले होते) की खालच्या बाजूच्या पेशींतलं पाणी निघून जातं, फुगा बसतो आणि पान खाली पडतं.

खरा फरक मला वेगळाच वाटतो. अॅनिमोनला मासा लागला तर तो मिटत नाही, विषारी सुया मारतो आणि त्याला तोंडाकडे ओढतो (तेच तोंड बाहेर टाकायलाही, असो). लाजाळूला एकच येतं, मिटणं. तेही महागात पडतं, कारण मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं. म्हणून 2014 चा एक प्रयोग मला फार आवडतो, लाजाळूच्या कुंड्या 15 सेंटीमीटरवरून पुन्हापुन्हा खाली सोडल्या, तर काही वेळाने झाडांनी मिटणंच बंद केलं आणि जवळपास महिन्याभरानंतरही ते त्यांच्या लक्षात होतं. याला शिकणं म्हणायचं का यावर वाद आहेत, मी तरी म्हणेन, उगाच घाबरायचं नाही एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

नशिबात मात्र काही तुलनाच नाही. लाजाळूला शेतात तण म्हणून उपटतात. आणि स्कॉटलंडमध्ये 1828 साली जॉन डेलिएल या निसर्गअभ्यासकाने समुद्रातून आणलेली एक अॅनिमोन, नाव 'ग्रॅनी', बरणीत राहून 1887 पर्यंत जगली, डेलिएल स्वतः 1851 लाच गेला होता, आणि ती गेली तेव्हा चक्क पेपरात मृत्युलेख आला.