पाव आणि एक हिवाळा

सकाळच्या चहाबरोबर लादीतला पाव सोडवताना त्याच्या इतिहासाचा विचार कोणी करत नाही, आणि करूही नये. तेवढ्यात चहा निवतो. माझ्या डोक्यात मात्र हल्ली १९४४-४५ च्या हिवाळ्यातला नेदरलँड्समधला पाव घोळत असतो.

दुसरे महायुद्ध संपत आले होते खरे, पण ते या देशाच्या दक्षिण भागात आधी संपले आणि पश्चिमेत रेंगाळले. सप्टेंबरात ऱ्हाइन नदीवरचा आर्नहेमचा पूल दोस्त राष्ट्रांच्या हाती लागला नाही आणि त्यांची आगेकूच अडली. त्यांच्या मदतीसाठी लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारने पुकारलेला रेल्वे संप तसाच लांबला, आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडे जाणारे धान्य अडवले. नोव्हेंबरात जलमार्गाने वाहतुकीची मुभा मिळाली, तर पुढे थंडीने कालवेच गोठले. ईशान्येकडे अन्न होते, वाट नव्हती. अ‍ॅमस्टरडॅम आणि हेगमध्ये लोक साखरबीट खाऊ लागले. निर्यात थांबल्यामुळे पडून राहिलेले ट्यूलिपचे कंद सोलून, मधला पिवळा कोंब तेवढा बाधतो म्हणून काढून टाकून, शिजवू लागले. घरातल्या चादरी देऊन खेड्यांतून बटाटे आणायला बायका टायर नसलेल्या सायकली दामटत निघत. जळणासाठी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळेसुद्धा लोकांनी उपसून नेले. सुमारे २०,००० माणसे दगावली.

फेब्रुवारीअखेर स्वीडनहून आलेल्या पिठाचा पांढरा पाव वाटला गेला, आणि २९ एप्रिलपासून एरवी बॉम्ब वाहणारी ब्रिटिश लँकेस्टर विमाने अन्नाच्या गोण्या टाकू लागली.

या साऱ्यात एक उलटी गोष्ट घडली. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्याकडची सीलिअ‍ॅक रोगाची (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) मुले पाव मिळेनासा झाल्यावर सुधारली आणि पाव परतल्यावर पुन्हा खंगू लागली. या रोगामागे गहू आहे हा शोध उपासमारीनेच लावला, असे मोठ्या चवीने सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण गव्हाविषयीचा डिके यांचा संशय युद्धाआधीचा होता आणि गहू वगळलेला आहार ते तेव्हापासूनच देऊन पाहत होते. पुढे रीतसर मोजमापे घेऊन त्यांनी १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात या विषयावर प्रबंध सादर केला.